रोज पुसलेला समुद्र

बेल वाजली ती चुकूनच. दुरुस्तीवाल्याला समोरच्यांचा प्रिंटर बघायचा होता. दार उघडलं आमचं.

"आलाच आहात तर..." मी म्हटलं, "माझा गेमिंग कॉम्प्युटर बघता? खेळात होडी चालवते, तर समुद्रच अडखळतो."

तो हसला, बसला. "शेडर कॅश खराब झालीय. लाटा, सावल्या कशा रंगवायच्या, ती तयारी कॉम्प्युटर साठवून ठेवतो. ती पुसली की नवी बनते. आणि हे बघा..."

पुढेही तो काही सांगत होता. पण बोलताना तो चष्मा कपाळावर सरकवायचा — आणि माझे कान तिथेच मिटले.

तेव्हापासून मी नेमच धरला. सकाळी केर काढला की कॅश पुसायची, मगच होडी. तरी समुद्र अडखळे. मी फोन करी, तो येई.

"त्याचं ताटही मांडत जाऊ का?" आई एकदा म्हणाली.

मला काही उमगेना. बिघाड जावा असं वाटे... आणि गेला तर हा कशाला येईल, म्हणून जाऊ नये असंही वाटे. काल वैतागून मी फोनवर म्हटलं, "विकूनच टाकते!"

आज तो न बोलावता हजर.

"तुम्ही कॅश कधी पुसता?"

"रोज. न चुकता."

"अहो, पुसल्यावर सुरुवातीला अडखळणारच! सगळं नव्यानं तयार होतं ना. आता हात लावू नका. उद्यापर्यंत होडी अलगद चालेल."

"म्हणजे मीच..." माझे कान तापले. मग एकदम सुचलं. "थांबा. हे तुम्हाला आज कळलं?"

तो पिशवीची चेन लावू लागला. लागेना.

"दुसऱ्याच खेपेला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर पुन्हा बोलावलं असतंत?"

"आणि आज का बोललात?"

"कॉम्प्युटरच विकलात, तर मी कोणत्या निमित्तानं येऊ?"

हसावं की रागवावं? मी दोन्ही अर्धवटच केलं.

"उद्या पुसणार नाही," मी हळूच म्हटलं. "समुद्र सुरळीत झाला का, बघायला या. आणि... परवाही या."

"परवा काय बघायचं?"

"ते मलाही अजून कळत नाहीये. पण या."