नारळाचा ताजा चोथा

जेवून तास झाला नव्हता तोच म्हातारे ग्रेगोरिओ तोंड बधिर झाल्याचं ओरडले. मग हात लुळे पडले, मग श्वास थांबला. फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या त्या खाडीकाठी अशा मरणाचं कारण विचारावं लागत नाही. पायरोडिनियम या विषारी सूक्ष्म शेवाळाने पाणी तांबडं झालं होतं, शिंपल्यांवर महिनाभर बंदी होती.

स्वयंपाक सून पासिंगचा. पोलीस तिलाच न्यायला निघाले होते.

"शिंपला घरात आणला नाही हो, मानाय! माशांचं आंबट सार केलं, बस्स. मी तर अजून जेवलेही नाही."

थोरल्या बाईला तिथे मानाय म्हणतात, थोरल्या पुरुषाला मानोय. युफ्रासिया मानाय पूर्वी सरकारसाठी खाडीचं पाणी तपासत. आता लोकांची प्रकरणं सोडवत. त्यांना रिक्षाने आणणारा तिनोंग मनात म्हणाला, जेवली नाही, इथेच फसली.

म्हाताऱ्याचा पुतण्या देल्फिन ओसरीवर सिगारेट पेटवत होता. काडी हातातून पडली.

"मीही त्याच पातेल्यातलं वाटीभर प्यालो. मला काय झालं?"

"ओठ का चाटतोस?" युफ्रासियांनी विचारलं.

"मिरची! सूनबाईंचा हात सैल."

"बंदीत शिंपले विकलेस म्हणून म्हातारा उद्या तुझ्याविरुद्ध साक्ष देणार होता ना?"

"घरातलं भांडण. मिटलं असतं." दुसरी काडी पडली.

स्वयंपाकघराच्या दाराशी नारळाचा ताजा चोथा पडला होता. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या.

"सारात नारळ? मिरची?" त्यांनी पासिंगला विचारलं.

"दोन्ही नाही. मिरची सासऱ्यांना, तातायना, सोसत नाही. नारळ देल्फिन मानोयनी खवला, मी पाणी आणायला निघाले तेव्हा. म्हटलं, आज कुणाचं लग्न? परतले तर दूध काढून साखर घालून एकटेच पीत होते."

"तेव्हा सार चुलीवर होतं?"

"हो."

युफ्रासिया ओसरीवर परतल्या. फाटकाशी पोलीस उतरत होते.

"शिंपल्याच्या विषावर नारळाचं दूध, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. पण जेवणाआधीच उतारा कोण घेतो, देल्फिन? ज्याला विष कशात आहे ते ठाऊक असतं, तो. शिंपले उकळून फेकलेस, पाणी सारात ओतलंस. उकळून हे विष मरत नाही, पाण्यात उतरतं. आणि संशय नको म्हणून स्वतःही प्यालास."

"पुरावा?"

"तुझे ओठ. सारात मिरची नाहीच."

तिसरी काडी पडली. आता त्याला ती उचलताही येईना.

"तो उतारा खोटा आहे. वीस वर्षं गावोगाव हेच सांगत फिरले. यावर औषध नाही. छाती थांबायच्या आत श्वासाचं यंत्र गाठायचं. डॉक्टर विचारतील, पोटात काय गेलं. काय सांगू?"

देल्फिनची जीभ जड झाली होती. "शिंपल्यांचं पाणी... मीच ओतलं."

पोलिसांनी ते ऐकलं. तिनोंगने त्याला एका बाजूने उचललं. दुसऱ्या बाजूने कोणी पुढे होईना, तेव्हा पासिंगनेच त्याच्या काखेत हात घातला.

"चला मानोय," ती म्हणाली. "श्वास घेत राहा. कोर्टात हेच बोलायचंय तुम्हाला."