चित्रातली सरळ रेघ

जेवण उरकलं, भांडी पालथी पडली, की त्या घरात दुपारभर दोनच आवाज असायचे. इकडच्या खोलीत माउसची टिकटिक आणि तिकडच्या खोलीत घंटी.

घंटी वडिलांची. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्त होताना साहेबांच्या टेबलावरची ही दाबायची घंटी हट्टाने मागून आणली. तेव्हा ती गंमत होती. पुढे कंबरेचं हाड मोडून ते पलंगाला खिळले, आणि तीच घंटी उशाशी आली. ती वाजली की मुलाने उठून जायचं, एवढंच ठरलं होतं.

मुलगा, म्हणजे वडिलांच्या भाषेत ‘आमचे चित्रकार’, फ्रॅक्टल चित्रं करायचा. संगणकाला एका ओळीचं सूत्र द्यायचं, त्यात एक आकडा घालायचा, आणि पडद्यावर जी नक्षी उमटेल तिचा एखादा कोपरा धरून आत शिरायचं. आत तशीच नक्षी, तिच्या आत पुन्हा तशीच. हे वेड वडिलांनीच लावलेलं. “समुद्राचा किनारा किती लांब ते विचारू नकोस,” ते त्याच्या लहानपणी सांगायचे. “पट्टी केवढी घेतलीस ते आधी सांग. पट्टी लहान केलीस की किनारा लांबतो.”

प्रदर्शनात लोक कौतुकाने विचारायचे, हे तुम्ही काढता कसं? त्यावर त्याचं उत्तर तयार असे. “मी काढत नाही, मी फक्त बघतो. हे सगळं सूत्रात आधीपासून आहेच. भुतासारखं. बघणारा आला की दिसतं, नाहीतर नुसतंच असतं.” लोक माना डोलवायचे आणि स्वारी खूश व्हायची.

घंटी वाजली की मात्र ही स्वारी जागची हलत नसे. “आलोच बाबा, दोन मिनिटं!” असं ओरडायचं आणि हेडफोन कानाला लावायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्या खोलीतला वास, पलंगाखालचं भांडं, वडिलांचे काडीसारखे झालेले पाय, हे सगळं त्याला बघवत नसे, म्हणून चालढकल. दोन मिनिटांची दुपार कधी झाली ते आपल्याला कळलंच नाही, असं तो स्वतःला सांगायचा. कळायचं सगळं.

संध्याकाळी बायको बँकेतून आली की चपला काढता काढता विचारायची, “बाबांना पाणी दिलंस?”

“दिलं की.”

ती आत जाऊन बाबांनाही विचारायची. तेही म्हणायचे, “दिलं हो, दिलं.”

बाबा आपल्याला पाठीशी घालतात, या विचाराने त्याचे कान तापायचे. जेवताना तो ताटातून मान वर काढत नसे.

मग त्याच्या लक्षात आलं, की पेला खरोखरच ओला असतो, कोणी नुकतंच पाणी दिल्यासारखा. पाण्याचा तांब्या तर कपाटावर, बाबांचा हात पोचणार नाही असा. पलंगाखालचं भांडंही धुऊन पालथं घातलेलं. शेजारचं कोणी डोकावत असेल, असं त्याने ठरवून टाकलं, कारण तेच सोयीचं होतं.

एकदा बायको बाबांच्या खोलीतून बाहेर आली ती हसतच. “नखं कापलीस त्यांची? पायाचीसुद्धा? मला वाटलं नव्हतं हं, तुझ्याच्याने होईल.”

मी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण किती तरी दिवसांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

“वाढली होती फार,” तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला स्वतःची किळस आली. वडिलांची नखं न कापणं एक वेळ ठीक. पण दुसऱ्याने कापलेली आपल्या नावावर खपवणं, यापेक्षा हलकं काय असतं?

त्यानंतर काही दिवसांनी, नव्या चित्रात खोल शिरताना, त्याला एक सरळ रेघ दिसली.

या सूत्रात सरळ रेघ येत नाही. वळसे येतात, शेपट्या येतात, शिंपल्यासारखी वळणं येतात. प्रोग्राम बिघडला असेल म्हणून त्याने सगळं पुसून तोच आकडा पुन्हा घातला. रेघ जागच्या जागी. तो आणखी आत गेला. रेघेला काटकोन फुटला होता. त्याच्या आत चार पाय. पलंग. पलंगावर कोणी तरी आडवं, आणि शेजारी स्टुलावर कोणी तरी वाकून बसलेलं.

ढगात हत्ती दिसतो तसंच हे, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि चित्र मुकाट्याने छपाईला धाडून दिलं. कोपऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

छापखानेवाल्याचा फोन आला. “चित्रकार, या वेळी कमालच केलीत! कोपऱ्यात किती बारीक काम! मुलगा बापाची नखं कापतोय ना? मला माझे वडील आठवले हो.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि मुलाला चेहरा स्वतःचाच दिलात, काय?”

त्याने फोन ठेवला. सूत्र त्याला ओळखत नव्हतं. ते पलंग, ते स्टूल, ती वाकलेली पाठ, सगळं त्याच्या जन्माच्या आधीपासून त्या आकड्यात होतं. मग या घरातला खरा मुलगा कोणता, आणि नुसताच असणारा कोणता? त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली ती शरम.

त्याने ती जागा पुन्हा उघडली. पलंग आता स्वच्छ दिसत होता.

स्टूल रिकामं होतं.

त्याने हेडफोन काढला. भिंतीपलीकडे बाबा हसत होते, कोणाशी तरी बोलून थांबल्यासारखे.

तो उठला आणि गेला.

बाबा डोळे मिटून पडले होते. “परत आलास? आत्ताच तर उठलास.”

तो स्टुलावर बसला. स्टूल उबदार होतं.

त्याने वडिलांचा हात हातात घेतला. नखं नीट, गोलसर कापलेली.

“आज हात गार का रे तुझा?”

“बाबा,” तो म्हणाला. “मी येत नव्हतो. इतके दिवस. घंटी ऐकू यायची, तरी येत नव्हतो.”

बाबांनी डोळे उघडले, आणि त्याच्या हातावर थोपटलं.

“तू कशाला वाईट वाटून घेतोस? तू तर रोज येतोस. तो येत नाही.” त्यांनी भिंतीकडे मान हलवली. “आमचे चित्रकार. त्याला वाटतं, मला कळत नाही.”

“बाबा, अहो, मीच…”

“थांब, गंमत बघ.”

त्यांनी हात लांब करून घंटी दाबली.

भिंतीपलीकडे माउसची टिकटिक चालू होती. ती थांबली.

“आलोच बाबा,” त्याचा स्वतःचाच आवाज आला, “दोन मिनिटं!”

“बघितलंस?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

टिकटिक पुन्हा सुरू झाली.