नजर पाण्यावर

"छत्री बाजूला घ्या!"

ती तेव्हा वाळूत छत्रीचा दांडा रोवत होती आणि दांडा काही केल्या उभा राहत नव्हता. त्यात हा हुकूम. तिने वैतागून वर पाहिलं. उंच लाकडी खुर्ची, खुर्चीत लाल टीशर्ट घातलेला एक तरुण, गळ्यात शिट्टी. बोलत होता तिच्याशी, पण डोळे समुद्राकडे.

"मला म्हणताय?"

"छत्री ज्यांची आहे त्यांना."

"मग इकडे बघून बोला की. माणसाशी बोलताना माणसाकडे बघतात."

"तुमच्याकडे बघत बसलो तर पाण्यातल्यांकडे कोण बघणार? छत्री हलवा. डावीकडचा हद्दीचा झेंडा दिसत नाहीये मला."

तिने छत्री हलवली. पण मुकाट्याने हलवली असती तर ती कसली! चांगली ओढत, वाळू उडवत नेली आणि थेट खुर्चीच्या पायाशीच रोवली. आता काय करशील?

"आता दिसतोय," तो म्हणाला. अजूनही समुद्राकडेच बघत. पण त्याच्या गालावर एक खळी पडली होती, आणि ती खळी तिने बरोब्बर टिपली.

तसं बघायला गेलं तर टिपणं हाच तिचा धंदा. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांची नजर तपासायची. "पहिली काच बरी की दुसरी? आता बरं दिसतंय की आधी?" दिवसभर हेच. माणसं तिच्यापासून वीतभर अंतरावर बसत आणि तिच्या खांद्यावरून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत. आपल्याकडे न बघणाऱ्या माणसांची तिला चांगलीच सवय होती. तरी ह्या एकाचं तिला भारी लागलं, ते का, ते तिलाही कळलं नाही.

बाबा निवृत्त झाले म्हणून ही सुट्टी. बाबा, आई, आत्या आणि ती, अशी चौघं गाडीत कोंबून ह्या छोट्याशा गावात आली होती. भाड्याचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंथरुणात वाळू, आंघोळीच्या बादलीत वाळू, पत्त्यांच्या कॅटमध्येही वाळू. आई दिवसभर केरसुणी घेऊन फिरायची आणि "ह्याला सुट्टी म्हणतात?" असं भिंतींना विचारायची. बाबा सकाळी पाण्यात शिरले की जेवायलाच बाहेर येत. "मी नदीत पोहत वाढलोय," हे ते भेटेल त्याला सांगत. आणि आत्या… आत्या म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन घरी बसलेली बाई. शाळा सुटली होती, आवाज सुटला नव्हता.

"ठमे, तू बाबांकडे लक्ष ठेव हो," आई रोज बजावायची. ठमी हे तिचं घरातलं नाव. घरातली शहाणी मुलगी. कधी हट्ट नाही, कधी तमाशा नाही. असं नाव एकदा झालं की ते जपत बसावं लागतं, आणि ती ते लहानपणापासून जपत आली होती.

तर बाबांकडे लक्ष ठेवायचं म्हणून ती रोज पुस्तक घेऊन खुर्चीच्या पायाशी बसू लागली. पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं.

"तुमचे बाबा पुन्हा झेंड्याबाहेर चाललेत," वरून आवाज यायचा, आणि मग शिट्टी. बाबा हात वर करून, तोंड वाकडं करून परत यायचे. आत्याने त्याचं नावच शिट्टीवाला ठेवलं होतं.

"तुम्हाला मान दुखत नाही? सारखं तिकडेच बघून?"

"दुखते ना. पण आमच्यात नियम आहे. दुसरा माणूस वर चढतो, 'पाणी घेतलं' म्हणतो, तेव्हाच आपण नजर काढायची. तोवर आभाळ कोसळलं तरी नाही."

"आणि पाणी प्यायचं असेल तर?"

"हात पुढे करायचा. कोणी भलं माणूस बाटली देतं."

हात खाली आला. तिने बाटली दिली. देताना बोटांना बोटं लागली… जरा जास्तच वेळ लागली. त्याने डोळे हलवले नाहीत, पण घोट चुकला आणि ठसका लागला. ती पुस्तकात तोंड खुपसून हसली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी आधी म्हटलं ते दोघांनाही आठवलं नसतं. पाण्याकडे बघत बोलणाऱ्या माणसाशी किती बोलता येतं, हे तिला तिथेच कळलं. कोणी तोंडाकडे बघत नसलं की जीभ सैल सुटते. जे तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं ते ती त्या खुर्चीच्या पायाला टेकून सांगत होती. त्याची आई समोरच्या वळणावर आइसक्रीमचं दुकान चालवते, त्याला लहानपणी पाण्याची भीती वाटायची, हे त्याने सांगितलं.

"माझे डोळे तपासशील?" एकदा त्याने विचारलं.

"त्यासाठी माझ्याकडे बघावं लागेल."

"मग संध्याकाळी ये ना धक्क्यावर. सुटलो की तिथेच असतो मी. पोटभर बघेन."

"बघू…"

"रोज 'बघू' म्हणतेस."

"घरी पत्ते असतात संध्याकाळी. आत्याला चौथा भिडू लागतो."

"घरी सांग की, एका मित्राला भेटायला जाते म्हणून."

तिने पुस्तकातली वाळू झटकली. घरात वाघ बसले नव्हते. विचारलं असतं तर फार तर आत्याने चार चौकशा केल्या असत्या, आईने बाबांकडे बघितलं असतं, बाबांनी चष्मा पुसला असता. पण ठमी कोणाला भेटायला जाते, हे त्या घरात कधी कोणी ऐकलंच नव्हतं. ते तोंडातून काढायचं तिच्या जिवावर यायचं. ती रोज संध्याकाळी पत्ते पिसायची आणि खिडकीतून धक्का दिसतो का, ते बघायची. दिसायचा. धक्क्यावर एक लाल ठिपका बसलेलाही दिसायचा. अंधार पडू लागला की तो ठिपका उठून जायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आभाळ जरा भरून आलं होतं. पाणी मातकट, लाटा आडव्या. बाबा मात्र शेवटचा दिवस म्हणून ऐन उत्साहात.

"उद्या जाणार ना?" तो म्हणाला.

"हो. सकाळी."

"आज तरी येशील धक्क्यावर?"

"आज सामान बांधायचंय सगळ्यांचं… कसं जमेल?"

तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. तिलाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस लाडात येऊन भलतंच बोलतो, तशी ती बोलली. "एवढं वाटतंय तर आत्ताच बघ ना एकदा. एक क्षण. नाहीतर मी निघून जाईन आणि तुला माझा चेहराही आठवायचा नाही."

"असं नको बोलूस."

"मग बघ ना… तुला माझी शपथ."

आणि त्याने बघितलं.

मान वळवून, सावकाश, सरळ तिच्या डोळ्यांत. तिने आजवर किती डोळे जवळून पाहिले असतील त्याची गणती नाही. पण कोणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिला हसायचं होतं, काहीतरी टोमणा मारायचा होता, पण ते सगळं ती विसरली. तोही पाणी विसरला. एका क्षणाचे किती झाले कोण जाणे.

पलीकडच्या, दुसऱ्या जीवरक्षकाच्या खुर्चीवरून शिट्टी आली. एकदा, दोनदा, मग सलग.

तो खुर्चीवरून उतरला नाही, त्याने उडीच घेतली. डाव्या झेंड्याच्या पुष्कळ बाहेर एक हात वर दिसत होता, मधेच दिसेनासा होत होता. तो हात बाबांचा होता.  तो लाटा कापत गेला, दिसेनासा झाला, पुन्हा दिसला तेव्हा त्याच्या काखेत बाबांचं डोकं होतं. वाळूवर आणून त्याने बाबांना कुशीवर वळवलं. बाबांच्या तोंडातून पाणी आलं, खोकला आला, आणि मग आईचं रडणं ऐकू आलं. बाबा वाचले.

माणसं जमली. त्यांच्यामधून आत्या आली, आणि आत्याला रडू आलं की तिचा रागच बाहेर पडायचा.

"तुझं लक्ष कुठे होतं रे? ह्यासाठी बसवलंय तुला वर? पलीकडच्याला दिसलं आणि तुला समोरचं दिसलं नाही? बोल, कुठे बघत होतास?"

तो धापा टाकत उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं. जीवरक्षकांचा प्रमुख, एक पांढऱ्या केसांचा माणूस, येऊन थांबला. त्यानेही तेच विचारलं, हळू आवाजात.

"कुठे बघत होतास?"

ती हातात टॉवेल घेऊन दोन पावलांवर होती. ती वेळ तिची होती. 'माझ्याकडे. मी बघायला लावलं. बाबांकडे लक्ष ठेवायचं कामही माझंच होतं.' एवढं म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. आई तिच्याकडे बघत होती, आत्या बघत होती, बाबा वाळूत पडल्या पडल्या बघत होते. सगळ्यांना आपली शहाणी ठमी दिसत होती. तिने मान खाली घातली आणि टॉवेल बाबांच्या खांद्यावर पांघरला.

तो थांबला. तिच्यासाठीच थांबला, हे तिला न बघताही कळलं. मग म्हणाला, "चुकलं माझं. मी पाण्याकडे बघत नव्हतो."

प्रमुखाने हात पुढे केला. त्याने गळ्यातली शिट्टी काढून त्या हातावर ठेवली.

त्या संध्याकाळी पत्ते झाले नाहीत. ती खिडकीशीही गेली नाही.

सकाळी गाडीत सामान चढत होतं तेव्हा "मी आलेच," एवढंच सांगून ती पळत सुटली. खुर्चीवर दुसराच कोणी होता. तो सापडला होड्यांच्या पडवीत. जमिनीवर बसून दोरखंडाची गाठ सोडवत होता. तिथे पाणी नव्हतं, राखायला कोणी नव्हतं. त्याने सरळ मान वर करून तिच्याकडे बघितलं. आता तिलाच वर बघवेना.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. झोपले रात्री नीट." ती दारातच उभी राहिली. "मी काल बोलायला हवं होतं रे. मी आत्ता जाते तुमच्या प्रमुखांकडे. सगळं सांगते. तुझी खुर्ची—"

"खुर्ची गेलीच असती. जायलाच हवी होती. तू बघ म्हणालीस, पण मान मी वळवली." तो पुन्हा गाठीकडे वळला. "खुर्चीसाठी नाही थांबलो मी काल."

"मग?"

"मला वाटलं, आज तरी ही माझं नाव घेईल. चारचौघांत. चूक म्हणून का होईना… पण ह्याच्याकडे बघत होते, असं म्हणेल."

 "आता सांगते ना घरी. आत्ता, चल माझ्याबरोबर."

"आता बाबा बरे आहेत. आता सांगणं सोपं आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली तरी असती. "मी रोज धक्क्यावर बसायचो, ठमे. एकदाही आली नाहीस. जा. वाट बघत असतील."

ठमी हे नाव त्याने आत्याच्या हाकांमधूनच उचललं असणार. त्याच्या तोंडून ते तिने पहिल्यांदा ऐकलं.

गाडी गावाबाहेर पडली. समुद्र बराच वेळ उजव्या हाताला दिसत होता, मग घरांमागे गेला. आत्या अजून कालचंच उगाळत होती. "असल्या माणसाला कामावर ठेवतातच कसे? समोर माणूस बुडतंय आणि हा कुठे बघत होता देव जाणे!"

"माझ्याकडे," ती म्हणाली.

आत्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

"माझ्याकडे बघत होता. मी शपथ घातली म्हणून. त्याची काही चूक नाही आत्या, चूक माझी आहे. मला… मला तो आवडतो. फार आवडतो."

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. आई मागे वळून बघू लागली.  बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"पोरगा ओढून आणत होता मला तेव्हा सारखं म्हणत होता, 'काका, सोडणार नाही तुम्हाला, काका.' चांगला वाटला मला," बाबा म्हणाले. "वळवू का गाडी?"

"नको बाबा. तो नाही म्हणाला."

"अगं, मग काल का नाही बोललीस?"

बाबांनी रागावून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तिने उत्तर शोधलं. आत्या ओरडेल, आई रडेल, बाबांना काय वाटेल… एवढंच होतं उत्तर. पण आई रडत नव्हती. बाबा आरशातून तिच्याकडे बघत होते, नेहमीसारखेच. आणि आत्याने एक शब्दही न बोलता तिचा हात आपल्या हातात घेतला होता.

 ती आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली, आणि बाबांनी कितीतरी वेळ गाडी सुरू केली नाही.