उजव्या बाजूला देवाप्पा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आधीच सांगून ठेवतो.

मी वीज खात्यात ओव्हरसिअर आहे. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत.

तरीही हे लिहितोय. कारण हे घडलंय. माझ्या आईच्या बाबतीत, माझ्या घरात.

साल १९८४. गाव बेळगाव, शहापुरातलं आमचं भाड्याचं घर. वेळ रात्रीची नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती आणि बाहेर पोरं लगोरी खेळत होती.

पण त्या दुपारकडे येण्याआधी माझ्या भावाबद्दल सांगायला हवं.

देवाप्पा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे निपाणीचे. वडील लवकर गेले. आई, तानीबाई, तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. हंगाम संपला की एक वखार रिकामी पडायची. तिथे देवाप्पा आणि त्याचे तीन दोस्त गिटार, ड्रम, भोंगा घेऊन जमायचे. इंग्रजी धाटणीचा नुसता दणदणाट. तंबाखूच्या धुरळ्याने शिंका देत देत गायचे. बँडचं नाव 'द टोबॅकोज'. गल्लीतले लोक त्यांना 'पत्र्याचा कारखाना' म्हणायचे.

त्यांतला गुंडू पुढे गायचा. त्याचा गळा मोठा. देवाप्पा मागून साथ द्यायचा.

"ये... ये... ये..."

इंग्रजी गाण्यात असतं ना, तसं. तेवढंच त्याचं काम.

१९७१ मध्ये मुंबईच्या एका लहानशा कंपनीने त्यांची छोटी रेकॉर्ड काढली. दोन बाजूंना दोन गाणी. मोनो. म्हणजे सगळे आवाज एकत्र कालवलेले, एकाच जागेतून येणारे. गुंडू, ड्रम, गिटार, आणि सगळ्यांच्या पाठीमागे कुठेतरी आमचा देवाप्पा.

पुढच्याच पावसाळ्यात तो गेला.

वखारीच्या फरशीला ओल होती. वायरिंग जुनं होतं. एका हातात गिटार आणि ओठ माइकला टेकलेले.

"ये..." म्हणाला.

पुढचा 'ये' आलाच नाही.

आई कामावरून धावत आली तेव्हा त्याच्यावर पोतं घातलेलं होतं. ती रडली नाही. गुंडूला धरून तिने एकच विचारलं.

"माझं नाव काढलं काय रं त्यानं?"

"न्हाय मावशी," गुंडू म्हणाला. "येळच मिळाला न्हाय त्याला."

गुंडू पुढे जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला. शेवटी तो आमच्या घरावरून जायचा बंद झाला.

मला नोकरी लागली, मी आईला बेळगावला आणलं. पहिली मोठी खरेदी केली ती रेकॉर्ड प्लेयरची. दोन स्पीकर, मोठा अँप्लिफायर, सगळा थाट. दर रविवारी आई ती निपाणीची छोटी रेकॉर्ड लावायला सांगायची. त्या दंग्यात तिला देवाप्पा बरोबर सापडायचा.

"चौघं मिळून कसा गोंधळ घालत्यात बघ," म्हणायची आणि भाकरी थापायला उठायची.

मला ते बरं वाटायचं. त्या रेकॉर्डमध्ये तो मित्रांसोबत होता.

८४ साली खडेबाजारातल्या मारुतीरावांचा निरोप आला. त्यांचं रेकॉर्ड आणि कॅसेटचं दुकान. मुंबईच्या कंपनीने जुन्या बँडांची गाणी एका मोठ्या रेकॉर्डवर पुन्हा काढली होती. नवी, स्टीरिओ.

मी मोनोवाला माणूस. माझे दोस्त त्यावरून माझी टिंगल करतात. मूळ गाणं ज्या पोरांनी एकत्र वाजवलं ते फाडून अर्धं इकडे, अर्धं तिकडे करायचं, हे मला कधी पटलं नाही. तसं मी मारुतीरावांना म्हटलंही.

"आरं पण ऐक तर खरं," ते म्हणाले. "मूळ टेपवर आवाज येगयेगळे हुते. ह्यात डावीकडं गुंडू आन् सगळा दंगा. उजवीकडं निस्ता तुझा भाऊ. लई मोकळा ऐकू येतोय बघ."

मग काय, घेतली.

घरी आलो. आईला स्पीकरसमोर बसवलं. बॅलन्सचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं. डावा स्पीकर गप्प झाला.

आधी नुसती खरखर.

मग... श्वास.

मग एक पाय ठेका धरत होता. आणि मग तो.

"ये... ये... ये..."

बारा वर्षांनी माझ्या भावाचा आवाज असा मोकळा माझ्या खोलीत होता. माझ्या अंगावर काटा आला. आनंदानेच आला, खोटं कशाला सांगू.

आई मात्र हसली नाही.

"बाकीची पोरं कुठं गेली?"

"डाव्या बाजूला हाईत गं, आये. बंद केलीया ती बाजू."

"ह्याला एकट्यालाच का काढलंय?"

"स्टीरिओ असंच अस्तंय."

ती ऐकत राहिली. दोन 'ये'च्या मधे लांबलचक शांतता होती. गुंडूच्या ओळी तिथे असायच्या, आता काहीच नव्हतं.

"त्यो मला ये म्हणाय लागलाय," आई म्हणाली.

"अगं आये, ते इंग्लिश हाय. ये म्हंजे व्हय."

"व्हय म्हणायचं आसंल तर व्हय म्हणंल की. ये कशाला म्हणंल?"

मी हसलो.

त्या दिवसापासून आईचं चित्त घरात राहिलं नाही. ऑफिसातून यावं तर चूल थंड. आई उजव्या स्पीकरजवळ जमिनीवर बसलेली. मी बॅलन्सचं बटण मधे आणायचो. थोड्या वेळाने पाहावं तर ते पुन्हा उजवीकडे.

"कशाला फिरवतेस?"

"मी न्हाय हात लावला."

एकदा मी मुद्दाम शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपलं. मी सुई उचलून ठेवली. तबकडी थांबली.

श्वास थांबला नाही.

उजव्या स्पीकरमधून हळूच येत होता... आत... बाहेर... ओल्या फरशीवर अनवाणी पाय आपटावा तसा ठेका.

मी अँप्लिफायर बंद केला. मग कुठे सगळं शांत झालं.

मशीन बिघडलं असणार, असं मी स्वतःला बजावलं. माझा धंदाच विजेचा. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड घेऊन खडेबाजार गाठला. मारुतीरावांनी त्यांच्या मशीनवर लावली. डावी बाजू व्यवस्थित. गुंडू, ड्रम, गिटार.

मग त्यांनी उजवी बाजू लावली.

काहीच नाही.

सुईची खरखर, बस्स. ना श्वास, ना ठेका, ना देवाप्पा.

"परवा हितंच ऐकला की रं मी," मारुतीराव म्हणाले. त्यांनी तबकडी उजेडात धरली, पुसली, पुन्हा लावली. उजवी बाजू कोरी होती.

मी सायकल हाणत घरी आलो. निपाणीची जुनी छोटी रेकॉर्ड काढली आणि लावली.

गुंडू गायला. ड्रम वाजला. देवाप्पाची जागा आली...

गाणं त्याच्यासाठी थांबलं, आणि कोणीच साथ दिली नाही.

पुन्हा लावली. पुन्हा तेच. मोनो रेकॉर्ड, त्यात सगळं एकत्र कालवलेलं, त्यातून एक माणूस वेगळा कसा काढणार? काढताच येत नाही. मी कुणालाही पटवून देईन.

"त्यात न्हाय त्यो आता," आई पाठीमागून म्हणाली.

"मग कुठं हाय?"

तिने उजव्या स्पीकरकडे बोट दाखवलं. प्लेयर बंद होता.

"एकटा हाय रं," म्हणाली. "लई दीस झालं, एकटाच हाय."

मला भीती वाटली. देवाप्पाची नाही, आईच्या चेहऱ्याची. गावाला निघालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता तो. सोमवारी दोन्ही स्पीकर घराबाहेर काढायचे असं मी ठरवलं.

त्याआधी रविवार आला.

स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकत होता. तो दुरुस्त करायला मी मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. ही माझी सवय आहे. घरातलं कुणी चुकून स्विच वर करू नये म्हणून. आमच्या घरात यावर चेष्टा चालत नाही.

मी स्टुलावर चढलो होतो. बाहेर पोरांची लगोरी चालली होती.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"ये..."

माझा हात तसाच वर राहिला.

"ये..."

मग आईचा आवाज. अगदी साधा. शेजारणीला विचारावं तसा.

"येऊ काय रं?"

शांतता. पोरंसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली.

आणि मग...

"व्हय."

त्या गाण्यात 'व्हय' कुठेही नाही. दोन्ही रेकॉर्डींवर नाही. आणि तो आवाज माइकमधला नव्हता. आमच्या घरी, निपाणीला, ताटावर बसून देवाप्पा म्हणायचा तसा 'व्हय' होता.

मी स्टुलावरून उडी मारून धावलो.

आई उजव्या स्पीकरच्या कापडाला कान लावून बसली होती. डोळे उघडे. हाताची बोटं आत वळून घट्ट झालेली. शॉक लागलेली माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. बोटं कशी वळतात ते मला कुणी शिकवायला नको.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी वाद घातला नाही.

फ्यूज माझ्या खिशात होता.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेले. घर खायला उठायचं. त्या मशीनवर मी चादर टाकली होती. प्लग काढून ठेवला होता. फेकून द्यायचं म्हणून एका दुपारी चादर ओढली, आणि ऐकलं.

उजवीकडून, "ये..."

मग डावीकडून. हो, डावीकडून.

"कुठं हाईस रं?"

आई होती.

"ये..."

"आरं पर कुठं? दिसंना झालाईस मला."

मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तो एकटा आहे म्हणून ती गेली होती. आणि तिला जागा मिळाली ती दुसऱ्या बाजूला. तो उजवीकडे बोलवत होता, ती डावीकडे शोधत होती. मी दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांना चिकटवले. तोंडाला तोंड लावून ठेवले. काही उपयोग झाला नाही. ती शोधतच राहिली.

शेवटी मारुतीरावांना घेऊन आलो. त्यांना काहीच सांगितलं नाही, नुसतं उभं केलं. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग अँप्लिफायरजवळ गेले आणि वाकून एक छोटं बटण दाखवलं. मोनोचं बटण.

"हे दाबून बघ," म्हणाले. "दोन्ही बाजू एक हुत्यात ह्यानं."

वीज नसलेल्या मशीनचं बटण दाबून काय होणार होतं? तरी दाबलं.

दोन्ही स्पीकर गप्प झाले.

आणि मग दोन्हीकडून एकाच वेळी, अगदी हळू, माझा भाऊ म्हणाला,

"आलीस व्हय, आये?"

त्यानंतर शांतता. मारुतीरावांनी चप्पल घातली आणि निघून गेले. ते पुन्हा आमच्या घरी आलेले नाहीत.

याला आता चार वर्षं झाली. मशीन आहे तिथेच आहे. मधे माझं लग्न झालं. बायको म्हणते, फेका ते. तिला कसं सांगू? माझी आई आहे त्यात. आईला कसं फेकू?

पण बटण जुनं झालंय. स्प्रिंग सैल पडलीय, दाबलेलं राहत नाही. त्याच्या फटीत मी काडेपेटीची काडी अडकवून ठेवतो. नवं मशीन आणून काही जमेल का म्हणून बाजारात चौकशी केली. हल्लीच्या मशीनला हे बटणच नसतं. दुकानदार म्हणतो, साहेब, आता मोनो कोण ऐकतं?

परवा ऑफिसातून दुपारीच घरी आलो. बायको माहेरी होती. दार उघडलं आणि कळलं.

काडी पडली होती.

"ये..." उजवीकडून.

आणि डावीकडून आई. पण या खेपेला ती त्याला हाक मारत नव्हती. दार उघडल्याचा आवाज तिला ऐकू गेला असावा.

"सिद्राम, आलास? ह्यो कुठं गेला रं? तू तरी सांग."

मी तोंडावर हात दाबला. उत्तर दिलं तर काय होतं ते मी पाहिलंय. गुडघ्यांवर बसून मी फरशी चाचपडत होतो. कपाटाखाली, पायपुसण्याखाली.

काडी सापडेपर्यंत आई माझं नाव घेऊन विचारत होती.