तलवारीच्या मुठीवरचा रुपया

"संपतराव, न घासलेला असता तर नऊ हजार मोजले असते. पण कोणीतरी तारेच्या घासणीनं महाराजांचं नाकसुद्धा झिजवलंय. तीन हजार देतो, तेही ओळखीखातर."

जयवंतराव जुनी नाणी विकत घ्यायचे आणि विकायचे. त्यांनी भिंग खिशात टाकलं, रुपया संयोगिताच्या आजोबांच्या हातावर ठेवला, उद्या सहाला पैसे घेऊन येतो म्हणाले आणि चहा संपवून गेले.

स्वयंपाकघराच्या दारामागे संयोगिता उभी होती. 'कोणीतरी' म्हणजे तीच होती.

तिचे खापरपणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार आता बडोद्याच्या मांजलपुरातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर टांगलेली असे आणि मुठीवरच्या गोल चकतीला चांदीचा एक रुपया लाखेनं चिकटवलेला होता. दर दसऱ्याला आजोबा ती तलवार चिंच-राखेनं घासायचे, मग तिची पूजा व्हायची. यंदा पहिल्यांदाच संयोगिताची पाळी आली. हातात घेतलेलं काम जीव तोडून करायचं, हा बाईसाहेबांचा स्वभाव! तिनं तारेची घासणी घेतली आणि अर्धा तास थांबलीच नाही. रुपया असा चमकला की आजोबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी मात्र तो मुठीवरून निघून हातात आला.

"निघालाच आहे, तर तुझ्या आजीच्या कानांच्या कामी येऊ दे," आजोबा म्हणाले होते. चिमणाबाई आजीला हल्ली जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. कानाच्या मशीनसाठी आजोबांनी बाकीचे पैसे जमवले होते, नऊ हजारच कमी पडत होते. आणि आता हे तीन हजार.

दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे जिन्यात सभा भरायला वेळ लागला नाही. सभेला ती, तिचा धाकटा भाऊ समरजित आणि समोरच्या फ्लॅटमधला हार्दिक. हार्दिक घरी गुजराती बोलायचा आणि यांच्याशी मराठी, पण दोन्हींची भेळ करून.

"मने तर तो माणूस ठग लागतो," हार्दिक म्हणाला.

"तायडी हत्तीसारखी घासते, त्यात त्याचा काय दोष?" समरजित म्हणाला आणि एक धपाटा खाल्ला.

"ठग आहे की नाही ते नंतर ठरवू," संयोगिता म्हणाली. "भाव बरोबर आहे का, एवढंच आधी बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रिक्षानं रावपुऱ्यात जयवंतरावांच्या दुकानात हजर. त्यांनी मुलांना कधी पाहिलं नव्हतं, ते बरंच झालं.

"काका, शाळेचा प्रकल्प आहे. जुन्या नाण्यांचे भाव कसे ठरतात?"

जयवंतराव फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होते. त्यांनी एक जाड पुस्तक पुढे सरकवलं. "गेल्या वर्षीच्या लिलावांचे भाव आहेत त्यात. पान दुमडू नका."

पुस्तकात अगदी त्यांच्यासारख्याच रुपयाचं चित्र होतं आणि खाली सालवार भाव. बहुतेक सालांना न घासलेला नऊ हजार, घासलेला तीन. संयोगितानं ते आकडे दोनदा वाचले.

"म्हणजे माणूस सच्चा निघाला," हार्दिक हिरमुसून पुटपुटला.

माणूस सच्चा म्हणजे सगळा दोष आपला, एवढं संयोगिताला कळत होतं.

"पण तायडे, ही एक ओळ बघ." समरजितनं बोट ठेवलं. "चौतीस हजार. चेहरा तर तोच आहे."

तिनं जयवंतरावांना विचारलं. त्यांनी फोनवर हात धरला. "त्या साली टांकसाळीतून थोडेच रुपये निघाले, म्हणून महाग. घासलेला असला तरी बावीस हजार कुठे गेले नाहीत."

"आणि साल कुठे असतं, काका?"

"मागच्या बाजूला," असं म्हणून ते पुन्हा हुज्जतीकडे वळले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या रुपयाची मागची बाजू काळ्या लाखेनं पार भरलेली होती. ती आजवर कोणी पाहिलीच नव्हती. भाव ठरवणाऱ्यानंही नाही!

घरी येताच हार्दिकनं स्क्रू-ड्रायव्हर काढला. संयोगितानं तो हिसकावून घेतला. "खबरदार! आता खरवडायचं नाही आणि घासायचं तर मुळीच नाही."

"तर मग लाख भिजवायची," हार्दिक म्हणाला. "छाणी भागातल्या वर्कशॉपमध्ये पप्पा लाकडाचं पॉलिश असंच बनवतात. लाख स्पिरिटमध्ये ठेवली की विरघळून जाते."

"स्पिरिट कुठून आणायचं?" समरजितनं विचारलं.

संयोगितानं कपाटातून करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली काढली. आजोबांना विचारलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "भिजव. आणखी काय बिघडायचंय त्याचं?"

रुपया वाटीत बुडला. एक तास झाला, दोन झाले. बोटानं जरा चोळलं तर लवकर होईल, असं तिला शंभरदा वाटलं. शेवटी ती स्वतःच्या हातांवर बसून राहिली. चार वाजता लाख मऊ पडली. कापसानं टिपत टिपत तिनं ती उचलली. आधी तलवारीचं चित्र दिसलं आणि मग त्याखाली एकेक करून आकडे.

सहाला जयवंतराव तीन हजार घेऊन आले.

"काका, साल बघता का जरा?" संयोगितानं रुपया पालथा करून दिला.

त्यांनी भिंग लावलं. एकेक आकडा तपासला. मग त्यांनी तिघांकडे निरखून पाहिलं. "प्रकल्पवाले तुम्हीच ना? चूक माझी, संपतराव. चेहरा ओळखीचा दिसला आणि मी पाठ बघितलीच नाही. बावीस हजार देतो."

"चोपडीत चौतीस लखेलुं आहे," हार्दिक लगेच म्हणाला.

"ते न घासलेल्याचे," संयोगिता म्हणाली. "आपला मी घासलाय. बावीस बरोबर आहेत, आजोबा."

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "तू अर्धा तास घासलंस गं. त्याआधी पन्नास वर्षं मी घासलंय, तेही जोर लावून. दोष वाटून घेऊ आपण. पण पन्नास वर्षांत मागे काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही, ते तुम्हा तिघांना सुचलं. शाबास."

जयवंतरावांनी मान डोलावली आणि उरलेले पैसे आणायला ते लगोलग दुकानाकडे परतले.

आठवड्यानं आजीच्या कानात मशीन बसलं. त्या संध्याकाळी संयोगिता स्वयंपाकघरात दुधाचं करपलेलं पातेलं घासत होती, नेहमीसारखंच, जीव तोडून. बाहेरच्या खोलीतून आजीचा आवाज आला.

"संयोगिता, हळू घास गं. इथपर्यंत ऐकू येतंय."