नव्वदचे साठ

"पावणं, बोट डोक्यावर घेऊन डोंगराकडं कुठं निघालाय? नदी खाली हाय की."

अक्षताने हटकलं तसं बोटीखालचं हेल्मेट वळलं. त्यातला ओला चेहरा हसला... आणि अख्ख्या शाहूवाडीत कुणाला दाद न देणारी आमची अक्षता चक्क गोंधळली. हातातलं पाऊस मोजायचं भांडं तिने उगीचच ओढणीआड धरलं.

प्रसेनजीत जयसिंगपूरचा, सायकल दुकानवाला. तिकडची नदी संथ, म्हणून हा गडी एकट्याची छोटी बोट घेऊन उसळतं पाणी शोधत इथल्या डोंगरातल्या ओढ्यापर्यंत आलेला. ही रोज सकाळी आठला पाऊस मोजून तालुक्याला कळवते म्हटल्यावर त्याने लगेच नंबर मागितला. आकड्यासाठी हं! सत्तर मिलिमीटरच्या आत पाऊस असला की ओढ्यात खडकांआड थांबायला जागा मिळते. त्यावर गेला की पाणी मोडलेली झाडं घेऊन येतं, आणि मग उतरायचं नाही, हा त्याचा नियम.

मग रोज आठला फोन. आधी नुसता आकडा, मग भाताची लावणी, मग चहा घेतला का... आकडा बरा असला की रविवारी तो दोन मित्रांसह यायचा. बोट उलटली तर फेकायला दोरी घेऊन ते काठावर उभे राहायचे, आणि याची नजर खडक सोडून अक्षताला शोधायची.

पण पुढचे तीन रविवार पावसाने खाल्ले. चौथ्या रविवारी भांड्यात नव्वद भरले. फोन वाजला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "साठ."

ओढ लागली की माणूस काय करेल, नेम नाही. अकराला त्याची जीप आली. तो जीपवर बांधलेल्या बोटीच्या दोऱ्या सोडू लागला, आणि ओढ्याची गर्जना अक्षताला इथवर ऐकू येत होती. बोललं तर हा कायमचा तुटणार. न बोललं तर... ती धावत गेली आणि तिने बोट घट्ट धरली.

"उतरू नका. नव्वद पडलाय. मी... खोटं बोललो."

"का?"

"तीन आठवडं झालं, तुम्ही दिसला न्हाय."

मित्रांनी हळूच तोंडं फिरवली. प्रसेनजीतने दोऱ्या सोडायचं थांबवलं. तिचे डोळे भरून आले.

"पाणी मी मघाशी पुलावरनंच बघितलंय," तो म्हणाला. "बघितल्याबिगर कोण उतरत न्हाय. तुम्ही सांगताय का न्हाय, तेवढंच बघत हुतो. सांगितलं नसतं तर परत फोन केला नसता."

"आणि आता?"

"आता पाण्याचं खोटं सांगायचं न्हाय." त्याने दोऱ्या पुन्हा आवळल्या. "आणि भेटावंसं वाटलं तर नुसतं 'या' म्हणायचं. येतो की मी."

अक्षताने बोटीवरचा हात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"मग उद्या या."

उद्या सोमवार होता. दुकान बंद ठेवून तो आला, बोटीशिवाय.