गुंड्याचा वाडगा

हे मी मनाने रचलंय असं वाटलं, तर खुशाल वाटू दे. त्या खोलीत मी होते, तुम्ही नव्हता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मोठं शहर, हमरस्त्याला लागून एक मोटेल. कुत्र्याला आत घेणारं तेवढं एकच सापडलं.

सोबत गुंड्या होता. ह्यांचा कुत्रा.

माझा वाढदिवस हे दरवर्षी विसरायचे, पण गुंड्याच्या जेवणाची वेळ कधी चुकली नाही. वाडगा ठेवायचा आणि बोटातल्या अंगठीने काठावर दोनदा वाजवायचं... टण्... टण्. त्याशिवाय गुंड्या तोंड लावत नसे. कोणाही परक्याच्या हातचं खाऊ नये, म्हणून ह्यांनीच लावलेली शिस्त.

हे गेले आणि गुंड्याने अन्न सोडलं.

मी तीच अंगठी घालून वाजवून पाहिलं. तो माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. नुसती हाडं उरली होती. डॉक्टर म्हणाले, "घर बदलून बघा. नाहीतर हा टिकत नाही." म्हणून त्याला शहरातल्या पुतण्याकडे द्यायला निघाले होते. पुतण्याची रात्रपाळी होती, तो सकाळी येणार होता.

काउंटरवरच्या मॅनेजरने किल्ली दिली. "तुमच्या मजल्यावर आज कोणीच नाही, मॅडम. हवं तेवढं भुंकू दे त्याला."

"भुंकला तर मलाच बरं वाटेल," मी म्हटलं.

संध्याकाळ झाली. वाडग्यात जेवण काढलं, वाजवलं. गुंड्या दाराकडे तोंड करून पडून राहिला.

मला रडूच फुटलं. "राहा उपाशी!" म्हणून ओरडले आणि तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले.

नळ बंद केला...

टण्... टण्.

मी बोट चाचपलं. अंगठी माझ्याच बोटात होती.

मग... चपचप.

दाराची कडी हळूच काढली.

गुंड्या खात होता. शेपटी हलत होती. मध्येच मान वर करून पलंगाच्या कडेकडे बघत होता. तिथे चादर दबली होती.

मी पलंगावर अजून बसलेच नव्हते.

"अहो..."

गुंड्या वाडगा चाटत राहिला. मी त्या कडेशी जाऊन बसले, किती तरी वेळ. माझ्याशी कोणी बोललं नाही.

सकाळी पुतण्या आला. गुंड्या मुकाट्याने गाडीत चढला आणि मागच्या सीटवर अगदी कडेला सरकून बसला... शेजारी जागा ठेवून.

आठवड्याभराने पुतण्याचा फोन आला. "काकू, मस्त खातो गं हा! उगीच घाबरवलंस."

"अंगठीने वाजवतोस ना?"

"माझ्याकडे कुठली अंगठी? नुसता वाडगा ठेवतो." मग म्हणाला, "पण ठेवून पाठ वळवली की... आवाज येतो. दोनदा. फरशी वरखाली असेल, नाही का?"

"असेल," मी म्हटलं.

गुंड्या वाचला, ह्याचा मला आनंद आहे. खरंच आहे.

पण रोज संध्याकाळी मी माझं एकटीचं ताट वाढून घेते. अंगठीने काठावर दोनदा वाजवते... आणि कान देऊन बसते.

इथे काहीच येत नाही. जेवण गार होतं.